पिंजरा लावूनही उंदीर सापडत नाही: आमिष बदलण्याआधी करायच्या तपासण्या

उंदीर पिंजऱ्यात येत नाही अशी तक्रार करणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न आमिषाचाच विचारतो. भजे लावावे, खोबरे लावावे की सुका बोंबील, यावर घरोघरी ठाम मते असतात आणि प्रत्येकाजवळ एखाद्या यशस्वी रात्रीचा दाखलाही असतो. धान्याची गोदामे, किराणा दुकाने आणि जुनी कौलारू घरे यांतला हाच एक दोष पुन्हा पुन्हा दुरुस्त करताना मला मात्र असे आढळले आहे, की कारणांच्या यादीत आमिष बरेच खाली येते. पिंजरा कोणत्या प्राण्यासाठी लावला आहे, तो कुठे ठेवला आहे, किती दिवसांपासून तिथे आहे आणि त्याच्या आसपास आणखी काय खायला मिळते, हे जुळलेले नसेल तर उत्तमातले उत्तम आमिषही सकाळी वाळून गेलेले मिळते. म्हणून पुढच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. पहिल्या काही तपासण्यांना एक विजेरी आणि मूठभर रांगोळी यांपलीकडे खर्च नाही.

लक्षणे

तक्रार एकच असली तरी सकाळी पिंजरा कोणत्या अवस्थेत आहे यावरून दोष कुठे असावा हे बरेचसे कळते.

आमिषाला दातही लागलेला नाही, पण आजूबाजूला ताज्या लेंड्या आहेत, अशी स्थिती असेल तर जागा चुकली आहे, पिंजरा अजून नवा आहे किंवा उंदराचे पोट दुसरीकडे भरते आहे. आमिष नाहीसे झाले आहे आणि झडप उघडीच आहे, असे असेल तर दोष पिंजऱ्याच्या कळीत किंवा आमिष अडकवण्याच्या पद्धतीत असतो. क्वचित मुंग्या आणि झुरळेच रात्रीतून आमिष संपवतात. झडप पडली आहे पण आत कोणी नाही, याचा अर्थ बहुधा पिंजऱ्याचे माप आणि प्राण्याचे माप जुळत नाही. पहिल्या एक-दोन रात्री उंदीर सापडले आणि मग एकाएकी बंद झाले, तर उरलेले उंदीर सावध झाले आहेत. रोज एखादा सापडतो, तरी पोत्यांची कुरतड थांबत नाही, तेव्हा बाहेरून आवक चालू असते. आणि रोज चिचुंद्रीच सापडत असेल, तर तपास पहिल्या पायरीपासून सुरू करावा.

१. प्राणी कोणता आहे ते आधी ठरवावे

‘उंदीर’ या एका नावाखाली आपण निदान चार वेगवेगळे प्राणी मोजतो. त्यांच्या सवयी इतक्या भिन्न आहेत, की एकासाठी बरोबर असलेली मांडणी दुसऱ्यासाठी निरुपयोगी ठरते.

माळ्यावर, वाशांवर आणि कौलांखाली धावणारा तो काळा उंदीर. त्याची शेपूट डोके आणि धड यांच्या एकत्रित लांबीपेक्षाही लांब असते, कान मोठे असतात आणि तो दोरीवरून, तारेवरून किंवा नळावरून सहज चढतो. त्याची लेंडी साधारण १२ मिलिमीटर लांब आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. कपाटात, खणात आणि गॅसच्या शेगडीखाली राहणारा लहान उंदीर जेमतेम १५ ते २० ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याची लेंडी ३ ते ६ मिलिमीटरांची, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून बहुधा लहानच असते. घूस जमिनीची रहिवासी आहे. जोत्याला लागून, मोरीच्या कडेला किंवा गटाराशेजारी बीळ आणि त्याच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसला, तर तिथे तीच असते. भातखाचरांचे बांध पोखरणारी आणि मुंबईच्या धान्य गोदामांत राहणारी लहान घूस ही एकाच जातीची आहे. ती बिळात धान्याचा साठाही करते. मोठी घूस अर्ध्या किलोच्या पुढे जाते आणि कोंडीत सापडली तर केस उभारून घुरघुरत अंगावर येते. बंदरांच्या शहरांत यांच्या जोडीला गटारात राहणारा, बोथट तोंडाचा तपकिरी उंदीरही आढळतो.

चिचुंद्री कुरतडणारा प्राणीच नाही. तिचे तोंड लांब आणि टोकदार असते, डोळे बारीक असतात, अंगाला उग्र वास येतो आणि तिचा मुख्य आहार किडे व झुरळे हा आहे. धान्याचे पोते तिने फोडलेले नसते. ती सापडली तर बाहेर सोडून द्यावी आणि पिंजऱ्यात मासळी किंवा मांस लावले असेल तर ते बदलावे, कारण त्या वासाला ती सर्वांच्या आधी येते.

ओळख पक्की नसेल तर संध्याकाळी भिंतीच्या कडेने रांगोळीचा पातळ थर पसरावा आणि सकाळी पावलांचे ठसे व शेपटीची रेघ पाहावी. पीठ वापरू नये. ते खाद्य आहे आणि त्यामुळे पुढची सगळी तपासणी बिघडते.

२. वाट आणि जागा

उंदराची दृष्टी बेताची असते. तो मिशा आणि अंगावरचे लांब केस भिंतीला घासत, त्या स्पर्शाच्या आधाराने धावतो आणि रोज त्याच वाटेने जातो. त्यामुळे त्या वाटेवर भिंतीला काळपट, तेलकट पट्टा उमटतो. विजेरी जमिनीलगत आडवी धरली की हा पट्टा, धुळीतली वाट आणि ताज्या लेंड्या स्पष्ट दिसतात. ताजी लेंडी ओलसर आणि चकचकीत असते, जुनी कोरडी आणि भुसभुशीत असते. जुन्या लेंड्यांच्या जागी पिंजरा ठेवून काही साधत नाही.

खोलीच्या मधोमध ठेवलेला पिंजरा उंदराच्या दृष्टीने उघड्या मैदानात आहे. तो भिंतीला टेकून, तोंड वाटेच्या दिशेने करून ठेवावा, म्हणजे भिंतीच्या कडेने येणारा उंदीर सरळ चालत आत जाईल. चाप, म्हणजे स्प्रिंगच्या फटक्याने मारणारा सापळा, वापरत असाल तर तो भिंतीशी काटकोनात आणि आमिषाची पट्टी भिंतीच्या बाजूला करून ठेवावा. काळ्या उंदरासाठी जमिनीवर पिंजरा ठेवणे बहुधा वाया जाते. त्याचा पिंजरा माळ्यावर, भिंतीच्या माथ्यावर किंवा वाशाला तारेने घट्ट बांधून ठेवावा. लहान उंदीर आपल्या बिळापासून फारसा लांब जात नाही, अनेकदा तीन-चार पावलांतच त्याची सारी रात्र जाते, म्हणून त्याच्यापर्यंत पिंजऱ्यालाच न्यावे लागते. कुरतडलेल्या खणातच, मागच्या कोपऱ्यात चाप ठेवल्यावर जे काम होते, ते त्याच स्वयंपाकघराच्या दारात ठेवून होत नाही.

पिंजरा हलत नाही ना, हेही हाताने दाबून पाहावे. पाय टाकताच डुगडुगणारा पिंजरा उंदीर एकदाच तपासतो.

३. झडप, कळ आणि माप

बाजारातले पुष्कळसे स्वस्त पिंजरे मुळातच नीट चालत नाहीत. झडप वर चढवून आतल्या आकड्याला काडीने हलकेच स्पर्श करावा. लहान उंदराच्या वजनाएवढ्या धक्क्याने झडप पडली नाही, तर आमिष फुकट खाऊ घालण्याचीच ती व्यवस्था आहे. आकडा जिथे अडकतो ते टोक कानशीने थोडे घासावे, गंजलेली बिजागरी साफ करून तिला शेंगदाण्याचे तेल लावावे. मशीनचे किंवा इंजिनाचे तेल वासामुळे टाळावे. झडपेची स्प्रिंग सैल झाली असेल तर मोठा उंदीर नाकाने झडप उचलून बाहेर पडतो. ती स्प्रिंग बदलणे नव्या पिंजऱ्यापेक्षा फार स्वस्त पडते.

मग माप. जाळीची भोके पेन्सिल आत जाण्याएवढी असतील, तर लहान उंदराला तो पिंजरा नाहीच असे समजावे. उलट, उंदराच्या पिंजऱ्यात घूस अर्धीच मावते आणि झडप तिच्या पाठीवर पडते. अशी एकदा निसटलेली घूस त्या पिंजऱ्याकडे पुन्हा सहसा फिरकत नाही. झडप पडलेली आणि आत फक्त केसांचा पुंजका, हे त्याचेच चिन्ह आहे.

पिंजरा धुण्याबद्दल बराच गैरसमज आहे. आधी सापडलेल्या उंदराचा वास राहिला तर दुसरा येत नाही असे मानून लोक पिंजरा फिनेलने घासतात. प्रत्यक्षात आपल्याच जातीच्या वासाने उंदीर सहसा दूर पळत नाही, उलट वापरातल्या पिंजऱ्यात तो अधिक सहज जातो. त्याला दूर ठेवतो तो फिनेलचा, साबणाचा आणि कीटकनाशकाचा वास. तरीही उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, त्यामुळे पिंजरा न धुता हाताळणेही योग्य नाही. रबरी हातमोजे घालून उकळते पाणी ओतावे आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावा. एवढे पुरते.

४. पिंजऱ्याबाहेरचे अन्न

यानंतरची तपासणी कंटाळवाणी आहे, म्हणूनच ती टाळली जाते. मोठा उंदीर दिवसाला साधारण १५ ते ३० ग्रॅम खातो. ओट्याखाली सांडलेली डाळ, रात्रभर उघडा राहिलेला कचऱ्याचा डबा, कुत्र्याच्या ताटलीतले उरलेले अन्न, देवापुढचा प्रसाद आणि अंगणात पाखरांसाठी टाकलेले दाणे मिळून एवढे सहज भरते. पोट भरलेल्या उंदराने अनोळखी पिंजऱ्यात शिरण्याचे काहीच कारण नसते.

घरात सलग तीन रात्री काटेकोर राहावे. धान्य पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात, कचरा घट्ट झाकणाच्या बादलीत, ओटा आणि शेगडीखालची जागा पुसलेली, आणि मोरीत रात्री पाणी साचलेले नाही. गोदामात सगळे अन्न बंद करणे अर्थातच अशक्य असते, पण थप्प्या भिंतीला टेकून लावलेल्या असतील तर त्या किमान दोन फूट अलीकडे घेऊन, लाकडी फळ्यांवर चढवून लावता येतात. भिंत आणि थप्पी यांच्यामध्ये माणूस चालू शकला पाहिजे, कारण जिथे माणसाला वाकून पाहता येत नाही तिथेच उंदीर घर करतो आणि तिथेच नेमका पिंजरा ठेवता येत नाही. फाटकी पोती वेगळी काढावीत आणि सांडलेले धान्य रोज संध्याकाळी, अंधार पडण्याआधी झाडावे. सकाळी झाडल्याने आपले गोदाम स्वच्छ दिसते, मात्र उंदराचे जेवण तोवर झालेले असते.

लेंड्या असलेली जागा मात्र कोरडी झाडू नये. तिच्यावर आधी ब्लीचचे पाणी शिंपडून थोडा वेळ थांबावे आणि मग पुसून घ्यावे, म्हणजे धूळ नाकातोंडात जात नाही.

५. नवेपणाची भीती

लोक सर्वांत लवकर धीर सोडतात ते याच पायरीवर. काळा आणि तपकिरी उंदीर आपल्या रोजच्या वाटेवर आलेल्या कोणत्याही नव्या वस्तूला बिचकतात आणि कित्येक दिवस तिला वळसा घालून जातात. पिंजरा लावला, दोन रात्री वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी जागा बदलली, चौथ्या दिवशी आमिष बदलले, असे केल्याने प्रत्येक वेळी ती वस्तू उंदरासाठी पुन्हा नवी होते आणि भीती मुळीच कमी होत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. झडप तारेने बांधून उघडी ठेवावी आणि पिंजरा न चढवता आमिषासह तसाच जागेवर राहू द्यावा. पहिल्या रात्री थोडे आमिष दाराबाहेर, दुसऱ्या रात्री उंबऱ्यावर आणि नंतर आत ठेवावे. आतले आमिष सलग दोन रात्री खाल्ले गेले, की तिसऱ्या संध्याकाळी तार सोडून सगळे पिंजरे एकाच वेळी चढवावेत. याला बहुधा चार ते सात रात्री लागतात. ‘उंदरांना फुकट जेवायला घालायचे का’ असा आक्षेप दरवेळी येतो, पण ज्या गोदामात महिनोन्महिने एकही उंदीर सापडत नव्हता तिथे पहिल्याच चढवलेल्या रात्री निम्म्याहून अधिक पिंजरे भरलेले मी पाहिले आहेत.

सगळे पिंजरे एकदम चढवण्याचे कारण असे, की पहिल्या रात्री सापडलेल्या उंदराची धडपड आणि किंचाळणे बाकीच्यांच्या लक्षात राहते. एकेक पिंजरा चढवत गेलो तर आपण एकेका उंदराच्या मोबदल्यात सगळ्या टोळीला शिकवत जातो. मोठ्या उंदरांसाठी भिंतीच्या कडेने सुमारे दहा पावलांवर एक आणि लहान उंदरांसाठी तीन-चार पावलांवर एक, इतके पिंजरे किंवा चाप हाताशी हवेत. एकाच पिंजऱ्याने गोदाम मोकळे होत नाही. विकत घेणे परवडत नसेल तर आठवड्यापुरते शेजाऱ्यांकडून गोळा करावेत.

लहान उंदीर याच्या अगदी उलट वागतो. नवी वस्तू दिसली की तो ती तपासायला येतो. म्हणून त्याच्यासाठी थांबण्याऐवजी चाप रोज दोन-तीन पावले सरकवत राहावे. तीन रात्रींत तो सापडला नाही, तर जागाच चुकली आहे असे समजावे.

६. आता आमिष

आमिषाचा पहिला नियम असा, की उंदीर आधीपासून काय खात आहे ते पाहून ठरवावे. एका उंदराच्या तोंडाला ज्या अन्नाचा वास येतो ते अन्न दुसरा उंदीर निर्धास्तपणे खातो. नव्या अन्नाचा मात्र तो अगदी किंचित तुकडा चाखून थांबतो आणि अंगाला काही होत नाही ना हे पाहतो. त्यामुळे ज्या घरात शेंगदाण्याची पिशवी फोडली गेली आहे तिथे शेंगदाणा, जिथे भाकरीचे तुकडे पळवले जातात तिथे तेल लावलेली भाकरी, आणि कोकणातल्या ज्या घरात माळ्यावरचे नारळ कोरले जातात तिथे निखाऱ्यावर भाजलेला ओल्या नारळाचा तुकडा लावावा. नारळ भाजल्याने तेल सुटते आणि वास दूरवर पसरतो. काळ्या उंदरासाठी याहून खात्रीचे आमिष माझ्या पाहण्यात नाही. कोकणात आणि गोव्यात मात्र या आमिषाला खारही येते, म्हणून दिवसा झडप बंद ठेवावी आणि खार सापडली तर लगेच सोडावी.

दुसरा नियम पहिल्याच्या उलट वाटेल, पण तो फक्त धान्याच्या ढिगात लागू पडतो. जिथे गव्हाच्या शेकडो पोत्यांची थप्पी आहे तिथे पिंजऱ्यात मूठभर गहू ठेवून उंदीर का यावा? अशा जागी जे मिळत नाही ते द्यावे, आणि कोरड्या गोदामात मिळत नाही ते पाणी. काकडीची जाड चकती, टोमॅटोची फोड, कलिंगडाची साल किंवा नुसती पाण्याने भरलेली उथळ वाटी हे आमिष उन्हाळ्यात भज्यापेक्षा सरस ठरते. घूस आणि मोठे उंदीर पाण्याशिवाय राहू शकत नाहीत. लहान उंदीर मात्र अन्नातल्या ओलाव्यावर भागवतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. त्याला शेंगदाण्याच्या कुटाची, गूळ मिसळलेली वाटाण्याएवढी गोळी पुरते. गाभण मादी घरट्यासाठी सामान शोधत असते आणि जिथे कोणतेच खाद्य चालत नाही तिथे आकड्याला गुंडाळलेला कापूस किंवा सुतळीचा पुंजका तिला आणतो.

घुशीसाठी सुकट, जवळा किंवा सुक्या बोंबलाचे डोके चांगले काम करते, मात्र त्या वासाला मांजर, चिचुंद्री आणि मुंग्याही येतात. मांजराचा वावर असेल तर ते आमिष टाळून तळलेले भजे लावावे.

आमिष किती आणि कसे लावावे, यात पुष्कळ जण घसरतात. मोठा तुकडा लावला तर उंदीर त्याचा कोपरा बाहेरूनच ओढून घेतो. नखाएवढा तुकडा आकड्याला बारीक तारेने किंवा दोऱ्याने घट्ट बांधावा, म्हणजे तो सोडवण्यासाठी उंदराला ओढ द्यावी लागेल आणि कळ सुटेल. आमिष रोज बदलावे. वाळलेल्या, बुरशी आलेल्या किंवा खवट झालेल्या तुकड्याला वास राहत नाही किंवा नको तो वास येतो. मुंग्या लागत असतील तर पिंजऱ्याखाली पाण्याची परात ठेवू नये, कारण त्याने पिंजऱ्याची वाट तुटते. आमिष संध्याकाळी उशिरा लावून पहाटे काढून घ्यावे. मुंग्यांची पावडर किंवा खडू पिंजऱ्याजवळ वापरू नये.

७. सापडलेल्या उंदराचे काय करायचे

गणपतीचे वाहन म्हणून किंवा जीव घेणे नको म्हणून पुष्कळ जण सापडलेला उंदीर गल्लीच्या टोकाला सोडतात. तो बहुधा परत येतो, आला नाही तर दुसऱ्याच्या घरात शिरतो, आणि पिंजरा ओळखून आलेला उंदीर पुन्हा पकडणे फार अवघड असते. ‘रोज सापडतात तरी संपत नाहीत’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. पिंजरा पाण्यात बुडवणे किंवा उन्हात उपाशी ठेवणे ही दोन्ही क्रूर पद्धती आहेत. ज्यांना मारणे भाग आहे आणि स्वतःला जमत नाही, त्यांनी चांगल्या स्प्रिंगचा चाप वापरावा, तो एका क्षणात काम संपवतो. चिकट पट्ट्यांच्या विरोधात भारतीय प्राणी कल्याण मंडळाने राज्यांना सूचना दिलेल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. पट्टीवरचा प्राणी तासन्‌तास तडफडतो, आणि पाली व चिमण्याही तिच्यावर अडकतात.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी घालून उचलावा, दुहेरी पिशवीत बांधावा किंवा खोल पुरावा. अंग थंड पडू लागले की त्याच्यावरच्या पिसवा दुसरे शरीर शोधतात, म्हणून हे काम सकाळी लगेच करावे.

८. भोके आणि बिळे

इथून पुढे कष्ट आणि थोडा खर्च आहे. ज्या भोकातून पेन्सिल जाते त्यातून लहान उंदीर जातो, आणि ज्यातून अंगठा जातो त्यातून काळ्या उंदराचे पिल्लू. नळ आणि वायरी भिंतीतून जातात तिथल्या फटी, दाराखालची पोकळी, मोरीची जाळी, कौले आणि भिंत यांच्यामधली जागा, आणि एसीच्या नळीचे भोक, एवढ्या जागा आधी पाहाव्यात. कोणते भोक वापरात आहे हे कळण्यासाठी त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबावा. तीन रात्री तो तसाच राहिला तर ते बंद करण्याची घाई नाही.

वापरातली भोके एक सोडून सगळी बंद करावीत, त्या एका भोकाच्या वाटेवर पिंजरे लावावेत, आणि सलग आठवडाभर रांगोळीत ठसे दिसले नाहीत की शेवटचे भोक बुजवावे. सगळी एकदम बुजवली तर उंदीर आत कोंडला जातो, नवे भोक पाडतो किंवा माळ्यात मरून पडतो. नुसता फोम किंवा लांबी भरू नये. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि तो मऊ प्लास्टर, प्लास्टिकचे नळ, एवढेच काय ॲल्युमिनियमही कुरतडतो. भांडी घासायच्या तारेचा गोळा घट्ट कोंबून त्यावर सिमेंट, किंवा जुन्या गवंड्यांच्या पद्धतीप्रमाणे काचेचा चुरा मिसळलेले सिमेंट, हे टिकते. मोठ्या जागेला सहा मिलिमीटरची लोखंडी जाळी लावावी. लाकडी दाराच्या तळाशी पत्र्याची पट्टी ठोकावी.

घुशींची बिळे मोजण्यासाठी सगळी तोंडे संध्याकाळी चिखलाने लिंपावीत. सकाळी जी उघडलेली असतील तीच राहती. रायगड-ठाण्याकडचे कातकरी बीळ खणण्याआधी दूरचे, पातळ मातीने झाकलेले पळवाटेचे तोंड शोधतात, कारण ते राहिले तर घूस त्याच वाटेने निघून जाते. पिंजरा लावतानाही हाच नियम पाळावा: मुख्य तोंडाशी एक आणि पळवाटेशी एक.

भाताच्या कापणीनंतर शेतातले उंदीर घराकडे वळतात आणि पहिल्या मोठ्या पावसात बिळांत पाणी शिरल्यावर घुशी वर येतात. भोकांचे काम या दोन वेळांच्या आधी झालेले असावे.

९. विषाबद्दल

पिंजरा चालत नाही म्हणून विष टाकणे हा पुढचा टप्पा नव्हे. झिंक फॉस्फाईड खाल्ल्यावर उंदराच्या पोटात फॉस्फिन वायू तयार होतो. कमी मात्रा पोटात गेलेला उंदीर वाचला तर त्या खाद्याची चव तो पुढे बराच काळ टाळतो, आणि तेच खाद्य तुमच्या पिंजऱ्यात असेल तर तेही टाळतो. माणसासाठी या विषावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठण्याची क्रिया थांबवतात, परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे उंदीर सावध होत नाहीत. पण मेलेला उंदीर माळ्यात सडतो आणि तो खाणारे मांजर किंवा घुबडही दगावू शकते. लहान मुले, पाळीव जनावरे किंवा उघडे धान्य असलेल्या जागी मी विषाचा सल्ला देत नाही. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या सामान्य माणसाने वापरायच्याच नाहीत. त्यांचा वापर कायद्याने प्रशिक्षित व परवानाधारकांपुरता मर्यादित आहे आणि राहत्या घराला लागून असलेल्या बिळात गोळी टाकल्याने माणसे मरण पावली आहेत.

थांबावे आणि जाणकाराला बोलवावे, अशा वेळा

विष न टाकता एकाच परिसरात लागोपाठ अनेक उंदीर मेलेले दिसले, तर पिंजरे तिथेच सोडावेत, मेलेल्या उंदरांना हात लावू नये आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा पालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे. १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगच्या साथीपासून ही खूण ओळखीची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक धान्य भरलेली घरे सोडून बाहेर राहू लागले, त्या बंद घरांत उंदीर माजले आणि १९९४ मध्ये तिथे प्लेगचे रुग्ण आढळले.

उंदरांचा वावर असलेल्या जागेत किंवा साचलेल्या पाण्यात काम केल्यानंतरच्या दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे असे काही दिसले, तर घरगुती उपाय करत बसू नये. डॉक्टरांकडे जावे आणि उंदरांचा संबंध आपणहून सांगावा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने अनेक बळी घेतले, आणि भातशेतीत अनवाणी उतरणाऱ्यांना हा धोका दर पावसाळ्यात असतो. उंदीर चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा.

वायरीचे आवरण कुरतडलेले दिसले किंवा विजेचा खटका वारंवार पडू लागला, तर मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनलाच बोलवावे. वायर पाहण्यासाठी माळ्यावर चढू नये. जोत्याखाली घुशींनी पोकळी केली आहे, फरशी दबते आहे किंवा सांडपाण्याचा नळ फुटला आहे, अशी शंका असेल तर आधी गवंडी आणि प्लंबर लागतो, पिंजरा नंतर. पिंजऱ्याजवळ किंवा लाकडांच्या ढिगात साप दिसला तर तो बहुधा उंदरांच्याच मागावर आलेला असतो. त्याला न डिवचता सर्पमित्राला किंवा वन विभागाला बोलवावे.

सोसायटीच्या एका सदनिकेत सगळे नीट करूनही आवक चालू राहिली, तर मूळ बाहेरच्या गटारात किंवा कचरा टाकण्याच्या जागेत असते आणि ते एका कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. मुंबईत पालिकेचा कीटकनाशक विभाग याच कामासाठी आहे आणि रात्रपाळीचे मूषक संहारकही त्याच विभागाचे. इतरत्र पालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्यावी. सगळ्या तपासण्या क्रमाने करून तीन आठवडे उलटले आणि रांगोळीत रोज ताजे ठसे उमटत असतील, तर परवानाधारक कीडनियंत्रकाला बोलवावे. तो येईल तेव्हा कोणत्या भिंतीला लेंड्या दिसतात, कोणती भोके बुजवली आहेत, पिंजऱ्यात काय लावले होते आणि याआधी कोणते विष टाकले गेले आहे, हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावे. आधी वापरलेल्या विषाचे रिकामे पाकीट असेल तर तेही दाखवावे.